आरोहीची उंची

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, अंगणवाडीतल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं." मी हो म्हटलं आणि बकरीची गोष्ट लिहायला बसले. आमच्या गावात एक बाबा होते. तान्ह्या बाळांना तोलायचा काटा आम्ही अंगणवाडीसमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायचो, त्याला कापडी झोळी अडकवायचो. एकदा वजनाच्या दिवशी हे बाबा बकरीचं पिल्लू काखेत घेऊन बायकांच्या रांगेत उभे. मी म्हटलं, "बाबा, हा लेकरांचा काटा हाय." तर म्हणाले, "माहीत हाय बाई. बाजारातला काटा खोटं बोलते, सरकारी काटा खोटं बोलत नाई. टाका झोळीत." टाकलं. पावणेसहा किलो भरलं. बाबा खूश झाले, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मी हसण्याच्या नादात रजिस्टरमध्ये बकरीचं वजन लिहायला निघाले.

इथवर लिहिलं आणि पुढे जाईना. तीन दिवस कागद तसाच पडून राहिला. मी ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. मुलगा म्हणाला, "आई, तुला काही दुखतंय का?" दुखत काही नव्हतं. बाबांचं वाक्य टोचत होतं. काटा खोटं बोलत नाही हे खरं आहे. पण आमच्या कामात खोटं बोलायचं असेल तर काट्याला हात लावावा लागतच नाही. उंचीची पट्टी असते ना. मी त्या पट्टीनं खोटं बोलले आणि त्यापायी एका आजीची नात गेली. मेली नाही, जिवंत आहे, देवाच्या दयेनं नव्हे तर वेळेवर आलेल्या एका डॉक्टर मुलीच्या डोळ्यांमुळे. पण आजीच्या घरातून गेली. तेच लिहिते. हलकंफुलकं होणार नाही, संपादकांनी माफ करावं.

मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावहून जीपनं वीसेक मिनिटांवर आमचं गाव. लोकांना वाटतं अंगणवाडीची बाई म्हणजे खिचडी वाटणारी बाई. खिचडी आम्ही वाटतोच, पण खरं काम मोजायचं. दर महिन्याला सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं वजन घ्यायचं, उंची घ्यायची. नुसत्या वजनाला अर्थ नसतो. अमुक उंचीच्या लेकराला अमुक वजन हवं असा हिशेब असतो. उंचीच्या मानानं वजन फारच कमी भरलं तर ते लेकरू अतितीव्र कुपोषित. आमच्याकडे त्याला 'सॅम' म्हणतात. मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, "तुमच्याकडे सॅम किती?" नवीन सेविकेला वाटायचं, गावात सॅम नावाचं कोणी पोरगं आहे की काय.

सॅम निघालं की कागदांचा डोंगर, फोन, भेटी, बोलणी. म्हणून एक युक्ती सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. सुकलेल्या लेकराची उंची दोन सेंटीमीटर कमी लिहायची. कागदावर लेकरू बुटकं झालं की तेवढ्याच वजनात ते बरं दिसायला लागतं. मी असं दोन-तीनदा केलं असेल. खोटं कशाला बोलू, जास्त वेळा केलं. मनाची समजूत अशी, की कागदावर बरं दाखवलं तरी त्या लेकराला मी घरी जाऊन दुप्पट खाऊ घालते. घालत होतेही. पण हाताला सवय लागली ती लागलीच.

आता वच्छलाबाईंबद्दल. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात विहाराच्या मागे त्यांचं घर. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नवऱ्या होऊन आलो. मी दहावी शिकलेली म्हणून मला अंगणवाडी मिळाली, त्या दुसरी शिकलेल्या म्हणून त्यांना लोकांच्या शेतातलं निंदण-खुरपण मिळालं. पुढे नवरा गेला, गुडघे गेले, एकुलता मुलगा संदीप राहिला. संदीपला सून आणली प्रणाली, धनजकडची. आणि त्यांना मुलगी झाली आरोही. जन्मली तेव्हा एक किलो सहाशे.

सातव्या महिन्यात आरोही सॅममध्ये आली. तिची उंची मी कमी लिहिली नाही, कारण लिहूनही भागलं नसतं, इतकी ती वाळलेली होती. नडग्या हातात घेतल्या की बोटांना हाड लागायचं. मी हट्टालाच पेटले. दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि वहीचं पान फाडून वच्छलाबाईंना वेळापत्रक लिहून दिलं. सकाळी सहापासून दर दोन तासांनी, दिवसातून आठ वेळा. प्रत्येक वाटीत चमचाभर तेल नाहीतर तूप. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: नको म्हटलं तरी द्यायचं, वाटी संपल्याशिवाय उठू द्यायचं नाही. त्या अवस्थेतल्या बाळासाठी ते बरोबर होतं. वच्छलाबाईंनी पिठाची खळ करून ते पान बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला चिकटवलं. म्हणाल्या, "मले वाचता थोडंच येते, पन घड्याळ बराबर येते."

आणि त्यांनी ते पाळलं. मी एकतीस वर्षांत खूप आया पाहिल्या. सांगितलेलं निम्मं करतात, त्यातलं निम्मं विसरतात. वच्छलाबाई एक वाटी चुकल्या नाहीत. निंदणाला जाणं बंद केलं, पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. पाच महिन्यांत आरोहीच्या गालांवर खळ्या पडायला लागल्या. तालुक्याच्या एका कार्यक्रमात तिला सुदृढ बालक म्हणून बक्षीस मिळालं. बक्षिसात स्टीलचा डबा होता आणि डब्यात बिस्किटांचे पुडे. माझा सत्कार झाला. आधीची आरोही आणि नंतरची आरोही असे दोन फोटो मोठे करून मी अंगणवाडीच्या भिंतीवर लावले. कोणी साहेब आले की त्यांना आधी तिकडे न्यायचे. एवढा गर्व मला माझ्या स्वतःच्या मुलाच्या पदवीचाही झाला नाही.

पोरगी दीड वर्षाची झाली तेव्हा संदीप आणि प्रणाली पुण्याला गेले. दोघांना एकाच कंपनीत काम लागलं, त्याची दिवसपाळी असली की तिची रात्रपाळी. राहायला एक खोली. पोरीला तिथे सांभाळणार कोण? ती आजीजवळ राहिली. आमच्या भागात अशी घरं आता गल्लीगल्लीत आहेत. मधली पिढी बाहेर, आजी आणि नातवंडं गावात, आणि मध्ये मोबाईल.

रोज संध्याकाळी सातला प्रणालीचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, आज काय खाल्लं तिनं?"

वच्छलाबाई सकाळपासूनची यादी सांगायच्या. मग रिकामी वाटी मोबाईलसमोर धरून दाखवायच्या. बिचारी प्रणाली तरी दुसरं काय विचारणार? पोरीचा ताप तिला हातानं कळत नव्हता, झोप कळत नव्हती. खाल्लं की नाही एवढंच तिथून कळण्यासारखं होतं. आणि वच्छलाबाईंना तरी दुसरं काय दाखवता येणार होतं? वजनाच्या दिवशी त्या अंगणवाडीतूनच सुनेला फोन लावायच्या आणि मोबाईल काट्यासमोर धरायच्या. "पाह्य, तुह्या पोरीचं वजन पाह्य." आकडा मी मोठ्यानं वाचायचा. वाढलेला असला की पडद्यावर प्रणालीचा चेहरा सैल व्हायचा. एकदा तापामुळे दोनशे ग्रॅम उतरलं, तर ती फक्त "बरं" म्हणाली. त्या दिवशी वच्छलाबाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याची अमानत हाय माह्याजवळ. उतरली त तोंड काय दाखवू?"

प्रणाली दर महिन्याला पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं कारंज्याला खोकं पाठवायची. वच्छलाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जीप धरून कारंज्याला जाऊन ते आणायच्या. त्यात क्रीमची बिस्किटं, दुधात घालायची चॉकलेटची पावडर, कुरकुऱ्यांच्या माळा. आईला स्वतःला येता येत नव्हतं, म्हणून खोकं यायचं. आणि पोरगी ओट्यावर बसून राहायची. आमच्या मोहल्ल्यासमोरून सडक जाते, काळीपिवळ्या जीपा सुसाट धावतात. वच्छलाबाईंचे गुडघे असे, की पोर सडकेकडे पळालं तर त्यांना उठेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. म्हणून आरोहीला ओट्याखाली उतरायची बंदी होती. मोबाईल हातात दिला की ती हलायची नाही, आणि हलली नाही की आजीच्या जिवाला बरं वाटायचं.

हे सगळं मी रोज जाता-येता पाहत होते. पाहत होते आणि तिचे गाल ओढून "किती गोड दिसते" म्हणत होते.

आरोही सव्वातीन वर्षांची असताना एका वजनाच्या दिवशी मी मोबाईलच्या ॲपमध्ये आकडे भरले. आताशा रजिस्टर कमी आणि मोबाईल जास्त. वजन साडेसतरा किलो, उंची पंचाण्णव सेंटीमीटर. पडद्यावर तिच्या नावापुढे कुपोषणाचं लाल-पिवळं काही आलं नाही, एक वेगळाच शब्द आला: लठ्ठ. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांत हा शब्द माझ्या अंगणवाडीत कधी आला नव्हता. पोरीला परत काट्यावर उभं केलं, परत पट्टीला टेकवलं. तेच. सुपरवायझर मॅडमना फोन लावला. त्या गाडीत होत्या, म्हणाल्या, "लठ्ठ? आपल्या भागात? ताई, उंची नीट घ्या बरं."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, उंची नीट घ्या म्हणजे नीट घ्या. वाकडी सवय माझ्या हाताला होती. मी पंचाण्णवचे अठ्ठ्याण्णव केले. तो शब्द पडद्यावरून गेला.

का केलं, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. भिंतीवर तिचा फोटो होता म्हणून. ज्या पोरीवर मी सत्कार घेतला तिच्यापुढे असला शब्द लिहायचा म्हणजे माझ्याच कामावर रेघ ओढणं होतं, म्हणून. आणि आणखी एक, ते सांगायला लाज वाटते. मी स्वतः लहानपणी सरकारी सुकडीवर दिवस काढलेली बाई. भरल्या अंगाचं लेकरू आजारी असू शकतं हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, वहीत उतरवलं होतं, पण आतून कधी पटलंच नव्हतं. आपल्या गावाला असला आजार कुठून होणार, तो शहरातल्या बंगल्यांत होतो, अशी माझी ठाम समजूत.

तरी एकदा गेले त्यांच्याकडे. म्हटलं, "वच्छलाबाई, आता तिले जरा कमी देत जा."

"काहून?"

"आता बरी हाय न ती. आता भूक लागली की मागन."

"तुमीच त सांगतलं होतं बाई, नको म्हनली तरी द्यायचं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. माझ्या हातचं ते पान. कडेनं पिवळं झालेलं, तेलाचे डाग पडलेले, पण शाबूत. तेव्हा मला कळलं, की या बाईनं जवळजवळ तीन वर्षं एकही दिवस न चुकवता ते वेळापत्रक चालवलं आहे. दर दोन तासांनी. आठ वेळा. चमचाभर तेल. मरणाच्या दारात असलेल्या बाळाचं खाणं ती धडधाकट पोरीला भरवत होती, कारण कधी थांबायचं ते मी त्या पानावर लिहिलंच नव्हतं. लिहायचं राहून गेलं असंही नाही. ते मला सुचलंच नव्हतं. आम्हाला वजन वाढवायला शिकवलं होतं आणि मला तेवढंच करता येत होतं.

ते पान मी तिथल्या तिथे फाडायला हवं होतं. त्याऐवजी मी हसले आणि म्हटलं, "तसं नाई, बिस्किटं कमी करा म्हनते."

"प्रणालीनं धाडले न ते. फेकून देऊ? तिनं इचारलं त काय सांगू?"

मी चहा पिऊन घरी आले. पुढच्या महिन्यात चार सेंटीमीटर वाढवून लिहिले. त्याच्या पुढे पाच. एकदा खोटी उंची लिहिली की पुढच्या महिन्यात ती कमी करता येत नाही, कारण माणूस उलटा वाढत नाही. कागदावरची आरोही ताडमाड होत चालली आणि अंगणवाडीतली आरोही दोन पावलं चालली की धापा टाकायला लागली. बाकीची पोरं गोल करून पळायची तेव्हा ती मध्ये बसून टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, शांत स्वभावाची आहे.

मग मानेचं झालं. एका सकाळी आरोही आली तर मान मागून लालभडक, सोललेली, दोन ठिकाणी रक्त साकळलेलं. मी वच्छलाबाईंना विचारलं. त्या अगदी कानकोंड्या झाल्या.

"मळ जातच नाई बाई मानेचा. काळी पट्टी धरली. प्रणाली फोनवर म्हनली, आई तुमी तिले नीट धूत नाई का. म्हनून पाय घासाच्या वज्रीनं घासलं. पोट्टी लय रडली."

मी खोबरेल तेल लावून दिलं. मलाही तो मळच वाटला.

पुढच्याच आठवड्यात अंगणवाडी तपासणीचं डॉक्टरांचं पथक आलं. त्यात एक तरुण डॉक्टर होती, नांदेडकडची असावी बोलण्यावरून. तिनं पोरांना एकेक करून पाहिलं. आरोहीची मान पाहिली, काखा पाहिल्या आणि विचारलं, "हे कोणी घासलं?" वच्छलाबाई पुढे झाल्या. डॉक्टर त्यांच्यावर ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "आजी, हा मळ नाही. वजन फार वाढलं आणि शरीराला साखर पेलेनाशी झाली, की कातडी अशी काळवंडते. घासून जाणार नाही. वजन आवरलं तर हळूहळू जाईल."

मग तिनं माझ्याकडून माहिती मागितली. मोबाईल पुढे केला. वजन साडेएकवीस किलो, उंची एकशे आठ. तिनं आरोहीकडे पाहिलं, पोरीला पट्टीला उभं केलं, टाचा टेकवल्या, डोकं सरळ केलं. एकशे एक.

"ताई," ती म्हणाली, "ही मुलगी एका महिन्यात सात सेंटीमीटर आखडली का?"

अंगणवाडीत बायका होत्या, मदतनीस होती, वच्छलाबाई होत्या. मला खाली पाहावं लागलं. डॉक्टरनं आणखी काही विचारलं नाही. खरी उंची लिहिली आणि माझी सही घेतली. वर्षभर आधी 'लठ्ठ' हा शब्द तसाच राहू दिला असता तर हीच तपासणी वर्षभर आधी झाली असती.

डॉक्टरनं पोरीला वाशीमला तपासायला न्यायला सांगितलं आणि आईवडिलांना बोलवायला सांगितलं. वच्छलाबाई दुपारी माझ्या घरी आल्या. दारातच बसल्या, आत येईनात.

"बाई, प्रणालीले नका सांगू. पुन्याले घेऊन जाईन ते पोरीले. मी आता काहीच देत नाई तिले, उपाशी ठेवते, पन नका सांगू."

"उपाशी नाई ठेवाची," मी म्हटलं. "आनि सांगाच लागते."

फोन मी केला. मान, वजन, तपासणी, सगळं सांगितलं. उंचीचं सांगितलं नाही. वेळापत्रकाचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली आली, दिवसपाळी करून तशीच रात्रीच्या बसमध्ये बसलेली. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती उभी होती आणि वच्छलाबाई खाली बसलेल्या. आरोही आईच्या पायाला बिलगून.

"आई, मी तुमच्या भरोशावर ठेवली होती तिले," प्रणाली म्हणत होती. "तुमी कोंबून कोंबून बिमार केलं माह्या पोरीले. जनावराले तरी असं चारत नाई कोनी. काहून केलं तुमी असं?"

वच्छलाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी नजर वळवली ती भिंतीवर गेली. तसबिरीखाली ते पान नव्हतं. खळीचे ओरखडे तेवढे होते, ताजे, नखांनी खरवडल्यासारखे.

"चुकलं माह्यं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले समजलं नाई."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, की प्रणाली, यांनी जे केलं ते माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. वर्षभर मला ठाऊक होतं आणि मी दडवलं. माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मी म्हटलं, "आता झालं ते झालं, चला, वाशीमची वेळ होते."

तपासण्यांमध्ये साखर काठावर निघाली, यकृतावर चरबी. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. पाकिटं बंद, घरचं साधं जेवण भूक लागेल तेव्हा, रोज भरपूर खेळणं, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणं. प्रणाली त्याच आठवड्यात पोरीला घेऊन पुण्याला गेली. कंपनी सोडून सोसायटीतल्या एका घरी कामाला लागली, म्हणजे दुपारी पोरीजवळ राहता येईल. बस सुटताना वच्छलाबाई स्टँडवर आल्या नाहीत. नंतर मी विचारलं, ते पान का काढलं. म्हणाल्या, "तुमचं रिटायर जवळ आलं होतं न. नोकरीवर आलं असतं तुमच्या. माह्यावर आलं त माह्यं काय जाते?"

काय गेलं ते गेल्या दोन वर्षांत मी पाहते आहे. प्रणालीनं पोरीला एकदाही गावी पाठवलं नाही. उन्हाळ्यात नाही, दिवाळीत नाही. संदीप एकटाच येतो. संध्याकाळचे फोन बंद झाले. कधीमधी येतो तो दोन मिनिटांचा, नुसत्या आवाजाचा. सातच्या सुमाराला वच्छलाबाई मोबाईल पदरानं पुसून समोर ठेवून बसतात. मी शेजारून पाहते आणि पाणी भरायचं निमित्त काढून आत जाते. निवृत्तीचा कार्यक्रम झाला, शाल मिळाली, भाषणात कोणीतरी आरोहीचा फोटो दाखवून माझं कौतुकही केलं.

हे सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं, छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवावं. त्यांच्याबद्दल लिहिलं आहे, त्यांची परवानगी नको का. काल सकाळी वच्छलाबाईंना घरी बोलावलं, चहा केला आणि बकरीपासून वाचायला सुरुवात केली. बकरीला त्या हसल्या. नंतर हसल्या नाहीत. मी मान खाली घालून वाचत होते. शाल मिळाली इथपर्यंत वाचून थांबले.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सारं खरं लिवलं बाई तुमी."

मला हायसं वाटायला लागलं होतं.

"पन हे पुस्तक प्रणाली वाचन का?"

मी कागद सारखे करायला लागले.

"मंग मले कायले वाचून दाखवता? मले त माहीतच होतं. गावाले सांगून काय करता? जिले सांगाचं तिले सांगा. लावा फोन."

माझ्याजवळ कारणं पुष्कळ होती. ती कामावर असेल, नंतर लावू, निवांत बोलू. वच्छलाबाईंनी टेबलावरचा माझा मोबाईल उचलून माझ्या हातात दिला आणि त्या समोर बसून राहिल्या. रविवार होता. तिसऱ्या रिंगला प्रणालीनं उचलला.

"हं बाई, बोला."

"प्रणाली," मी म्हटलं, "आरोहीची उंची मी खोटी लिहिली होती." एकदा तोंड उघडलं मग थांबता आलं नाही. उंची, लठ्ठ हा शब्द, वर्षभर वाढवलेले आकडे. वेळापत्रक कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, ते कोणी कधी थांबवलं नाही, ते पान भिंतीवरून कोणी खरवडलं आणि का. मध्ये मला रडू आलं, पण मी बोलत राहिले.

"तवा काहून नाई बोलल्या तुमी?" प्रणालीनं विचारलं.

"भेले."

मग ती म्हणाली, "तुमाले मी काय म्हनू ते मले आता समजून नाई राह्यलं. आई हायेत का तिथं? त्यायले द्या फोन."

मी मोबाईल वच्छलाबाईंकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. प्रणालीनं कॅमेरा चालू केला होता, तिचा चेहरा पडद्यावर आला, डोळे लाल. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"आरोही काय करून राह्यली?" शेवटी वच्छलाबाईंनी विचारलं.

"खाली खेळून राह्यली, पोरायसंगं." प्रणाली खिडकीकडे वळली. "थांबा, बलावते तिले. पाहा तुमी, कशी झाली ते."

वच्छलाबाईंचा चेहरा मी पाहत होते. दोन वर्षं ही बाई एवढ्यासाठी मोबाईल पुसत होती. त्यांनी ओठ दाबले, मोबाईल जरा छातीजवळ ओढला आणि मान हलवली.

"नको बलावू," त्या म्हणाल्या. "खेळू दे तिले."